पट्टीतला करंट आणि खानदेशातला उन्हाळा : ग्लुकोज सेन्सर प्रकल्पाच्या नोंदी

१२ फेब्रुवारी, जळगाव

कामाची चौकट ठरली. नवा ग्लुकोमीटर बनवायचा नाही, बाजारात ते ढिगाने पडलेत. मीटर शेवटचा आकडा दाखवतो आणि मधला हिशेब गिळून टाकतो. आपल्याला तो मधला हिशेब बघायचाय. रक्ताचा थेंब घेणाऱ्या पट्टीला व्होल्टेज दिलं की करंट किती येतो, किती वेगाने उतरतो, आणि मे महिन्याच्या उन्हात, कूलरच्या दमट हवेत किंवा अंगात रक्त कमी असताना तोच करंट कुठे सरकतो, एवढंच.

माणसं चार. इलेक्ट्रॉनिक्सचा मी, रसायनशास्त्राच्या मॅडम, आणि एमएस्सीचे दोघं: रावेरकडचा मुलगा आणि धडगावकडची मुलगी. माणसाचं रक्त नैतिकता समितीची परवानगी आल्याशिवाय वापरायचं नाही. स्वतःच्या बोटाचंसुद्धा नाही, हे मॅडमनी पहिल्याच बैठकीत बजावलं. तोवर ग्लुकोजचं पाणी, मीटरसोबत मिळणारं कंट्रोल सोल्यूशन (ठरलेलं ग्लुकोज असलेलं द्रावण), आणि लागलंच तर शेळीचं रक्त.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. सकाळी मिरवणूक, दुपारी सोल्डरिंग.

पोटेन्शिओस्टॅट म्हणजे फार मोठं काही नाही. ज्याचं व्होल्टेज स्थिर राहतं त्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत, जिथे अभिक्रिया होते त्या वर्किंग इलेक्ट्रोडवर ठरलेलं व्होल्टेज धरून ठेवायचं आणि त्यातून वाहणारा करंट मोजायचा. विकतचं यंत्र लाखांत जातं. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या गटाने ‘चीपस्टॅट’ नावाच्या स्वस्त पोटेन्शिओस्टॅटचा आराखडा खुला केला, सुट्या भागांचा खर्च ८० डॉलरच्या आत. आमचं त्याच वळणावर चाललंय: सीए३१४० जातीचे ऑप-ॲम्प (सिग्नल वाढवणाऱ्या चिप), व्होल्टेजचे आकडे करणारा सोळा बिटांचा एडीसी, सगळं चालवणारा ईएसपी३२ बोर्ड. फीडबॅकला १०० किलोओहम, म्हणजे १० मायक्रोअँपिअरला १ व्होल्ट. सीए३१४० मुद्दाम घेतला, त्याचं इनपुट पिकोअँपिअरमध्ये करंट खातं. नेहमीचा एलएम३५८ नॅनोअँपिअरमध्ये, म्हणजे हजारपट मोठ्या एककात, खातो. संदर्भ इलेक्ट्रोडमधून तेवढाही करंट ओढायचा नाही.

इलेक्ट्रोडच्या जागी १०० किलोओहमचा रेझिस्टर लावून ०.४ व्होल्ट दिले. चार मायक्रोअँपिअर यायला हवे होते, ते आले, पण काटा थरथरत होता. शेजारच्या खोलीतला कूलर बंद केला की थरथर कमी. ५० हर्ट्झची घरघर ती. उपाय सॉफ्टवेअरमध्येच: १०० मिलिसेकंदांची सरासरी काढायची. त्यात पुरवठ्याची बरोबर पाच आवर्तनं बसतात आणि वरची-खालची एकमेकांना खाऊन टाकतात. उन्हाळ्यात जळगावात कूलर बंद ठेवून प्रयोग करा असं मी कुणाला सांगणार नाही.

२ मार्च

पोटॅशियम फेरिसायनाइडवर पहिली चाचणी. इलेक्ट्रॉन सहज घेणारा-देणारा हा लोखंडाचा क्षार. व्होल्टेज वर नेऊन खाली आणलं की करंटला एक शिखर जाताना, एक येताना. आदर्श इलेक्ट्रोडवर दोन शिखरांत ५९ मिलिव्होल्टचं अंतर. छापील कार्बनवर ते जास्तच येतं, आमचंही आलं. व्होल्टेज बदलायचा वेग चौपट केला की शिखराची उंची दुप्पट व्हायला हवी, ती जवळपास झाली. यंत्र विश्वास ठेवण्याजोगं आहे.

कपाटावर सूचना चिकटवली: फेरिसायनाइडच्या आसपास तीव्र आम्ल आणि शेगडी आणायची नाही. नावातलं सायनाइड एरवी लोखंडाला घट्ट धरून असतं, पण तीव्र आम्लात तापवलं की सुटतं.

१० मार्च

आज मुलांना ग्लुकोजचा एक जुना चाळा दाखवला. बाटलीतली कोरडी ग्लुकोजची पूड बहुतेक सगळी अल्फा रूपात असते. ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम मात्र बीटा रूपच ओळखतं. पाण्यात विरघळल्यावर अल्फाचं बीटा होत जातं आणि शेवटी साधारण ३६ टक्के अल्फा, ६४ टक्के बीटा अशी वाटणी ठरते. याला तासन्‌तास लागतात.

एकाच वजनाची दोन द्रावणं घेतली, एक काल संध्याकाळी केलेलं, एक त्याच मिनिटाला. ताज्याचा करंट कालच्यापेक्षा ठळकपणे कमी. मग अधूनमधून मोजत राहिलो तर तो चढत चढत कालच्याला जाऊन भिडला. रावेरकर म्हणाला, “सर, साखर तेवढीच, मग वाढलं काय?” वाढलं ते एन्झाइमला दिसणारं ग्लुकोज. रक्तात ही वाटणी आधीच झालेली असते, म्हणून रुग्णाला याचा त्रास नाही. त्रास प्रयोगशाळेत घाई करणाऱ्याला.

रात्रभर ठेवायचं तर आपल्या हवेत द्रावणात जंतू वाढतात आणि ग्लुकोज फस्त करतात. म्हणून बेन्झोइक आम्ल घालून फ्रिजमध्ये.

१८ मार्च

पट्टी कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तीन पदर. खाली पॉलिएस्टरचा पातळ पत्रा, त्यावर काळ्या कार्बनच्या रेषा. मध्ये चिकट पदर, त्यात एक खाच. तीच रक्त ओढणारी नळी. वर पारदर्शक झाकण आणि टोकाशी हवा जायला बारीक भोक. खाचेच्या तळाशी पिवळसर ठिपका, त्यात एन्झाइम आणि फेरिसायनाइड वाळवलेलं. रंगीत पाण्याचा थेंब टेकवला तर पापणी लवायच्या आत नळी भरली. हवेचं भोक बोटाने दाबून धरलं तर थेंब अर्ध्यात अडकला. कडेने न लावता वरून रक्त सोडणाऱ्यांना ‘एरर’ का येतो, ते मुलांना न सांगता कळलं.

एक मायक्रोलिटर रक्त, शुगर १०० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). म्हणजे ग्लुकोज एक मायक्रोग्रॅम, साडेपाच नॅनोमोल. प्रत्येक रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन. शेवटच्या रेणूपर्यंत सगळं जाळलं तरी एक मिलिकूलॉमच्या आसपास विद्युतभार. एवढ्यावर घराघरात ‘आज शुगर कितीय’ चाललेलं असतं.

या ठिपक्यातल्या फेरिसायनाइडची गोष्ट मॅडमनी सांगितली. १९६२ मध्ये लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज बसवायची कल्पना मांडली. एन्झाइम ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन घेतं आणि ऑक्सिजनला देतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. किती ऑक्सिजन गेला किंवा किती पेरॉक्साइड झालं ते मोजा, ग्लुकोज कळेल. अडचण अशी की रक्तात ग्लुकोजच्या मानाने विरघळलेला ऑक्सिजन फारच थोडा. शुगर वाढली की ऑक्सिजनच पुरत नाही आणि आकडा तिथेच अडतो. १९८४ मध्ये इंग्लंडात क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्डच्या मंडळींनी ऑक्सिजनच्या जागी फेरोसीनचं संयुग वापरून दाखवलं आणि १९८७ मध्ये त्यावरच पेनासारखा मीटर बाजारात आला. आमच्या पट्टीतलं फेरिसायनाइड तेच मध्यस्थाचं काम करतं: एन्झाइमकडून इलेक्ट्रॉन घे, कार्बनला नेऊन दे.

२९ मार्च

वीज नाही. बॅटरीवर रेझिस्टरची चाचणी तेवढी केली.

६ एप्रिल

पॅरासिटामॉल. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर पेरॉक्साइड मोजायचं तर ०.६ व्होल्ट लागतात. एवढ्या व्होल्टेजला पॅरासिटामॉलही इलेक्ट्रॉन सोडतं, क जीवनसत्त्व आणि यूरिक आम्लही. ५०० मिलिग्रॅमची गोळी खलून, गाळून त्यातला थेंबभर बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) सोडला. ग्लुकोज औषधालाही नव्हतं, तरी करंट उडी मारून वर. पूर्वीच्या काही सीजीएम (अंगावर लावून सतत शुगर मोजणाऱ्या) उपकरणांच्या सूचनापत्रात पॅरासिटामॉल घेऊ नका असं छापलेलं असायचं, ते यामुळेच.

मग कार्बनवर प्रशियन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा थर चढवला. हा पेरॉक्साइडशी शून्य व्होल्टच्या आसपासच काम करतो. तिथे पॅरासिटामॉल गप्प. तोच थेंब सोडला, रेघ जागची हलली नाही. धडगावकरीण खूश. पण या थराची खोड अशी की बफरचा पीएच जरा अल्कलीकडे झुकला की तो विरघळू लागतो. रक्ताचा पीएच ७.४, म्हणजे अगदी त्याच उंबरठ्यावर. एकदा वापरून फेकायच्या पट्टीला चालेल, अंगावर दहा-बारा दिवस लावायच्या सेन्सरला नाही.

१७ एप्रिल

पारा ४३ च्या वर. मुद्दाम वाट बघत होतो.

इनक्युबेटरमध्ये २५, ३५ आणि ४२ अंशांवर तेच कंट्रोल सोल्यूशन, त्याच डबीतल्या पट्ट्या. आमच्या यंत्रावर करंट तापमानाबरोबर वाढत गेला. हे अपेक्षितच: एन्झाइम जलद चालतं आणि रेणूही जलद सरकतात. पाण्यात रेणूंचा पसरण्याचा वेग अंशामागे साधारण २ टक्के वाढतो. विकतचा मीटर हे सांभाळून घेतो, त्याच्या पोटात तापमान मोजणारा थर्मिस्टर असतो.

गोम इथेच आहे. थर्मिस्टर मीटरमध्ये आहे, पट्टीत नाही. मोटरसायकलच्या डिक्कीत दुपारभर तापलेला मीटर सावलीत काढला तर तो स्वतःचं तापमान धरून दुरुस्ती करतो. पट्टी मात्र पिशवीतली, थंड. मग तो जास्तीचं वजा करून बसतो आणि आकडा खाली येतो. ४५ अंशांपर्यंत तापवलेल्या मीटरने सरळ थर्मामीटरचं चिन्ह दाखवून काम नाकारलं. हा शहाणा. धोक्याचा तो, जो मर्यादेच्या अलीकडे दोन अंशांवर आहे आणि निमूट आकडा देतो. गावोगाव तिशीच्या पुढच्यांची शुगर तपासत फिरणाऱ्या आशाताई आणि नर्सताईंच्या पिशव्या एप्रिल-मेमध्ये नेमक्या याच दोन अंशांत असतात. मीटर सावलीत काढून पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवायचा, मग पट्टी घालायची, एवढं जरी झालं तरी पुष्कळ.

२५ एप्रिल

पट्ट्या ठेवायच्या कुठे? डबीवर छापलंय, ३० अंशांच्या आत. आपल्याकडे घरात रात्रीसुद्धा ३० च्या खाली जात नाही. लोक दोन गोष्टी करतात, फ्रिज किंवा माठ. इन्सुलिन ठेवायला ओल्या फडक्यातला माठ चांगला, खेड्यात वर्षानुवर्षं तेच चालतं. पट्ट्यांचं तसं नाही, त्यांना गारव्याइतकाच कोरडेपणा लागतो.

कूलरच्या तोंडासमोर उघडी डबी रात्रभर ठेवली, दुसरी बंद करून कोरड्या कपाटात. सकाळी दोन्हींतल्या पट्ट्यांवर साधं बफर टाकलं, ग्लुकोज शून्य. कपाटातल्या पट्टीचा करंट नगण्य. कूलरवाल्या पट्टीचा त्याच्या कितीतरी वर, तोही ग्लुकोज नसताना. दमट हवेत ठिपक्यातलं थोडं फेरिसायनाइड आधीच फेरोसायनाइड होऊन बसतं, आणि कार्बनला काय, इलेक्ट्रॉन कुठून आला ते कळत नाही. हा वरचा बोजा शुगर ३०० असताना लक्षात येणार नाही. ६० असताना तो ८० दाखवेल आणि घाम फुटलेला माणूस ‘नॉर्मल आहे’ म्हणून बसून राहील.

फ्रिजचाही घोटाळा तोच. गार डबी बाहेर काढून लगेच उघडली की आत दव धरतं. तेव्हा घरातल्या सर्वांत गार, कोरड्या भिंतीच्या कपाटात, झाकण टक्क वाजेपर्यंत बंद करून. झाकणात आणि डबीत ओल शोषणारा पदार्थ भरलेला असतो. सुट्या पट्ट्या प्लॅस्टिकच्या पुडीत बांधून विकणारा दुकानदार पाहिलाय मी, त्याच्याकडून घेऊ नयेत.

४ मे, रावेर

मुलाच्या घरी. केळीच्या पट्ट्यात येऊन हा प्रयोग न करणं म्हणजे करंटेपणा.

प्रश्न त्याच्या आजोबांचा. नाना पंचाहत्तरीचे, कधी १४०, कधी अचानक ३५०. “मीटर बदल म्हणतो मी याले, हा ऐकत नाही,” ते म्हणाले. नानांच्या बोटाला आम्ही हात लावला नाही. हातमोज्याच्या बोटावर पिकलेल्या केळ्याचा गर चोळून वाळू दिला आणि त्यावर कंट्रोल सोल्यूशनचा थेंब ठेवून मोजला. आकडा दुपटीच्या पुढे. हिशेब बघा: पिकलेल्या केळ्यात १०० ग्रॅममागे साधारण ५ ग्रॅम ग्लुकोज. रक्ताच्या भाषेत ५००० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर! थेंबात विसाव्या हिश्शाइतका जरी गर मिसळला तरी अडीचशेची भर.

हिरव्या केळ्याने असं काही होत नाही. त्यात साखर थोडी, बाकी सगळा स्टार्च, आणि स्टार्च एन्झाइमला दिसत नाही. कापणीच्या टोळीतल्यांना चिंता नाही. पिकवणी केंद्रात हात घालणाऱ्यांना आहे.

मग घरात जे सापडलं ते सगळं तपासलं. साखरेचं पाणी वाळवलेलं बोट निर्दोष सुटलं, कारण साखर म्हणजे सुक्रोज, ग्लुकोज त्यात बांधलेलं. गुळाचं बोट दोषी, कारण गूळ शिजताना काही सुक्रोज फुटून ग्लुकोज मोकळं होतं. काकूंना हे पटेना, “गूळ तर साखरेपेक्षा चांगला ना?” त्या प्रश्नात मी शिरलो नाही.

स्पिरिटच्या बोळ्याने वाळलेला गर पुसून पुन्हा मोजलं, आकडा अजून चढाच. साध्या पाण्याने धुऊन, कोरडं करून मोजलं तेव्हा जागेवर. नाना सकाळी केळं सोलूनच शुगर बघायला बसतात, असं बोलता बोलता निघालं. मीटर बदलायचं लांबलं.

१५ मे

शेळीचं रक्त, ते गोठू न देणाऱ्या हेपरिनच्या हिरव्या झाकणाच्या नळ्यांत आणलं. सेंट्रिफ्यूजवर गरगर फिरवून पेशी आणि प्लाझ्मा (पेशींशिवायचा द्रव) वेगळे केले आणि पुन्हा मिसळून तीन नमुने केले: पेशींचं प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, २५, ४० आणि ५५ टक्के. प्लाझ्मातलं ग्लुकोज तिन्हींत १६० च्या आसपास बांधून घेतलं.

जुन्या मीटरने २५ च्या नमुन्याला १९० च्या वर दाखवलं, ५५ ला १३० च्या खाली. मधल्याला बरोबर. साखर तीच. रक्तात पेशींची गर्दी असली की ग्लुकोज आणि फेरिसायनाइडला इलेक्ट्रोडपर्यंत पोचायला वाट मिळत नाही. गर्दी कमी तर वाट मोकळी, करंट जास्त. नव्या मीटरवर मात्र तिन्ही आकडे जवळजवळ. तो आधी पट्टीतून प्रत्यावर्ती करंट सोडून नमुन्याचा रोध मोजतो आणि पेशी किती असतील याचा अंदाज बांधून दुरुस्ती करतो. दोन्हींच्या सूचनापत्रावर चालणारा हिमॅटोक्रिट बारीक अक्षरांत छापलेला असतो. विकत घेताना किंमत सगळे विचारतात, हे कुणी विचारत नाही.

शेळीच्या तांबड्या पेशी माणसाच्या पेशींपेक्षा बऱ्याच लहान, म्हणून हे आकडे माणसाला जसेच्या तसे लावायचे नाहीत. दिशा तेवढी घ्यायची.

२२ मे

वरच्या नोंदीवर धडगावकरणीने जे विचारलं ते स्वतंत्र नोंदवतो. सातपुड्यात भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार, पुष्कळ. “सर, सिकलसेलवाल्याला शुगर झाली तर कोणतं मशीन खरं?”

तासभर फळ्यासमोर उभे होतो. सिकलसेलच्या रुग्णात रक्त कमी, हिमॅटोक्रिट २० ते ३० मध्ये. म्हणजे जुन्या धाटणीची पट्टी आकडा वाढवून सांगणार. दुसरीकडे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी. ती तांबड्या पेशीला रक्तातल्या ग्लुकोजने किती पुटं चढवली ते मोजते, आणि निरोगी पेशी साधारण १२० दिवस जगते हे त्यात गृहीत. सिकलसेलमध्ये पेशी त्याच्या कितीतरी आधी फुटते, पुट चढायला वेळच मिळत नाही. म्हणजे ही चाचणी आकडा कमी सांगणार. एकाच माणसाच्या हातात दोन कागद, एक म्हणतो औषध वाढवा, दुसरा म्हणतो सगळं छान. पट्टीवर विसंबून औषध वाढवलं तर शुगर धाडकन उतरायची भीती, एचबीए१सीवर विसंबलं तर आजार वर्षानुवर्षं दडून राहायची.

नुसत्या वाहकाचं (ज्याच्यात सदोष जनुक एकच, आजार नाही) रक्त सहसा कमी नसतं, त्यामुळे त्याला पट्टीची ही अडचण येत नाही. पण रुग्णाला येते, आणि सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ पासून चालू असल्याने आता कोण रुग्ण, कोण वाहक हे गावागावात नोंदलं जातंय. तीच नोंद शुगर तपासणाऱ्याच्या हातातही असायला हवी: या माणसाला हिमॅटोक्रिट सांभाळणारीच पट्टी, आणि निदानाला शिरेतल्या रक्ताची चाचणी. प्रकल्पाचा मूळ आराखडा उन्हाचा होता. आता हे त्याच्यापेक्षा मोठं वाटतंय.

३ जून

पण शिरेतल्या रक्ताचाही हिशेब आहे. साध्या नळीत रक्त ठेवलं की पेशी त्यातलं ग्लुकोज खात राहतात, खोलीच्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के. उन्हात जास्त. धडगावच्या पलीकडच्या पाड्यावरून निघालेली नळी घाट उतरून नंदुरबारला पोचेपर्यंत १५० चे १२५ व्हायला वेळ लागत नाही. फ्लोराइडची राखाडी झाकणाची नळी वापरली तरी पहिला तासभर घट चालूच राहते. म्हणजे ‘लॅबचं खरं, मीटरचं खोटं’ असं सरसकट म्हणता येत नाही. तिथल्या तिथे प्लाझ्मा वेगळा केला असेल तरच लॅबचं खरं.

दुपारी आमच्या शिपाईभाऊंनी घरचे दोन मीटर आणून टेबलावर ठेवले. काल रात्री एकावर १८०, दुसऱ्यावर २०५. “सर, खरा कोनता शे?” मीटरच्या अचूकतेच्या आयएसओ १५१९७ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१३ च्या निकषाप्रमाणे १०० च्या वर शंभरातले ९५ आकडे अधिक-उणे १५ टक्क्यांत हवेत, १०० च्या खाली अधिक-उणे १५ मिलिग्रॅममध्ये. खरी शुगर २०० असेल तर १७० ते २३० सगळं पास. भाऊंचे दोन्ही मीटर बरोबर. हे सांगितल्यावर त्यांचं समाधान झालं नाही. माझंही त्यांच्या जागी झालं नसतं.

१४ जून

पहिला पाऊस झाला, इनक्युबेटरला आता उलट काम.

समितीचा अर्ज मॅडमनी पूर्ण केला. त्यात दोन भाग: सिकलसेलच्या प्रौढ रुग्णांचं शिरेतलं रक्त, तिथेच सेंट्रिफ्यूज करून, आणि त्याच नमुन्यावर तीन प्रकारच्या पट्ट्या. सेंट्रिफ्यूज हाताने फिरवायचा की बॅटरीवरचा, यावर अजून वाद आहे. पाड्यावर वीज असते, पण पावसाळ्यात तिचा भरवसा धरून चालणार नाही. संमतिपत्र मराठीत आहे. पावरी बोलीत ते तोंडी कसं सांगायचं ते धडगावकरीण गावाकडच्या आशाताईंसोबत बसून ठरवणार आहे.

बोर्डाची दुसरी आवृत्ती छापायला दिली. थर्मिस्टर आता बोर्डाच्या पोटात न ठेवता पट्टीच्या खोबणीला अगदी चिकटून ठेवलाय.